लष्करी हवाई कसरती: एवढी जोखीम नेमकी कशासाठी?

रानवारा

नोव्हेंबर २०२५ मध्ये दुबईच्या एअर शोत तेजस कोसळलं आणि विंग कमांडर नमांश स्याल गेले. तेव्हापासून हा विषय डोक्यात घोळतोय. लढाईत किंवा गस्तीवर वैमानिक गेला तर वाईट वाटतंच, पण कशापायी गेला ते तरी कळतं. लोकांनी माना वर करून टाळ्या वाजवाव्यात म्हणून कोणी जीव गमवावा हे मला पटत नाही.

आपल्या हवाई दलाच्या सूर्यकिरण या नऊ विमानांच्या कसरत चमूचंच बघा. २००६ मध्ये बिदरजवळ दोन वैमानिक गेले. २००९ मध्ये पुन्हा बिदरजवळच विंग कमांडर धालीवाल. २०१९ मध्ये बंगळुरूच्या यलहंक्याला एअरो इंडिया या प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी चमूची दोन हॉक विमानं एकमेकांना धडकली, त्यात विंग कमांडर साहिल गांधी गेले, बाकी दोघे इजेक्ट होऊन, म्हणजे सीटसकट विमानाबाहेर फेकले जाऊन, वाचले. २०१० चा नौदलाचा हैदराबादचा अपघात वेगळाच.

माझं मत सरळ आहे. २६ जानेवारीला ओळीत उडा, तिरंगी धूर सोडा, झालं. जमिनीला चिकटून उलटंपालटं कशाला? जाणकारांनी सांगावं, एवढ्या वर्षांत नियम खरंच बदलले की नुसत्या श्रद्धांजल्याच झाल्या? आणि एक भाबडा प्रश्न: नऊ विमानांत पुढचा चुकला तर मागच्यांना कळतं का?

मोदकप्रिय

जागा पकडून बसलोय. जुने_एअरमन काका आल्याशिवाय धागा पेटणार नाही.

खान्देशी_गडी

रानवारा, मग क्रिकेटही बंद करा, चेंडू लागतो. गिर्यारोहण बंद. दहीहंडी तर आधी बंद.

रानवारा

@खान्देशी_गडी दहीहंडीत वरचा गोविंदा पडला तर बघणाऱ्यांच्या अंगावर जळतं इंधन पडत नाही.

जुने_एअरमन

मोदकप्रिय, पेटवायला नाही, विझवायला आलोय.

दुबईबद्दल मी एक अक्षर लिहिणार नाही. व्हॉट्सॲपवर सगळ्यांनी आपापली चौकशी समिती नेमून निकालही लावून टाकलाय. ज्या अपघातांची चौकशी पूर्ण होऊन कारणं बाहेर आली आहेत, त्यांच्याबद्दल बोलू. मी वैमानिक नव्हतो, टेक्निकल ट्रेडला होतो. विमान सोडायचं आणि परत आलं की मोजून घ्यायचं, हे आमचं काम.

लोकांना वाटतं दोन विमानं एकमेकांच्या अंगावरून गेली की तो सगळ्यात धोक्याचा भाग. धोका तिथे आहेच, पण कसरतीतल्या अपघातांचा मोठा वाटा लूपच्या, म्हणजे आकाशात काढलेल्या उभ्या वर्तुळाच्या, माथ्यावर ठरतो. वर पोचलात, विमान उलटं आहे, आता नाक खाली ओढायचं. त्या क्षणी उंची आणि वेग ठरलेल्या आकड्यात असायलाच हवेत, कारण एकदा नाक खाली गेलं की विमानाला वळायला जेवढी जागा लागते तेवढी लागतेच. ती जागा खाली नसेल तर हात कितीही कसलेला असो, जमीन आधी येते. म्हणून माथ्यावर आकडा वाचायचा. कमी असेल तर लूप सोडायचा, अर्धा रोल घेऊन, म्हणजे विमान सुलटं करून, सरळ निघून जायचं. प्रेक्षकांना ते कळतसुद्धा नाही.

२०१५ मध्ये इंग्लंडला शोरहॅमला हॉकर हंटर पडलं. विमान जुनं लष्करी, शो नागरी. माथ्यावर निदान ३५०० फूट हवे होते, होते सुमारे २७००. वैमानिक वाचला, खाली महामार्गावरची ११ माणसं गेली. त्यातले बरेच जण शो बघायलाही आले नव्हते.

बॉइसीकर

काकांच्या मुद्द्याला इथून जोडतो. मी आयडाहोत राहतो, माउंटन होम हवाई तळ आमच्यापासून तासाभराच्या आत आहे. इथल्या जुन्या लोकांना १४ सप्टेंबर २००३ चा शो अजून आठवतो.

थंडरबर्ड्स हा अमेरिकी हवाई दलाचा कसरतींचा चमू, एफ-१६ वाला. त्यातल्या सोलो वैमानिकाने, कॅप्टन ख्रिस स्ट्रिकलिनने, उडाल्या उडाल्या वर जाऊन स्प्लिट-एस घेतला. म्हणजे विमान उलटं करायचं आणि तसंच नाक खाली ओढून लूपचा खालचा अर्धा भाग पुरा करायचा. त्यासाठी जमिनीपासून २५०० फूट हवे होते. तो होता १६७० वर.

का? तर चमूचं घर नेलिस, लास व्हेगासजवळ. तिथली धावपट्टी समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांच्या आतबाहेर. माउंटन होम तीन हजारांवर. काट्यावर उंची दिसते समुद्रसपाटीपासूनची, मनात हिशेब करायचा जमिनीपासूनचा. त्या दिवशी डोक्यात आकडा राहिला घरचा. हजारएक फूट तिथेच गेले.

खाली येताना कळलं. त्याने विमान प्रेक्षकांपासून दूर वळवलं आणि जमिनीपासून १४० फुटांवर सीट ओढली. विमान आदळायला ०.८ सेकंद बाकी होते. तो वाचला, बाकी कुणाला काही झालं नाही.

आता रानवारा यांच्या प्रश्नाचं उत्तर. त्यानंतर दोन गोष्टी बदलल्या. रेडिओवर उंची समुद्रसपाटीपासूनचीच बोलायची, काट्यावर दिसते तीच, म्हणजे मनात वजाबाकी करायची वेळच यायला नको. आणि त्या कसरतीला वर हजार फूट जास्तीचे.

अवखळ

बापरे. हजार फुटांची वजाबाकी!

खान्देशी_गडी

आमच्या गणिताच्या मास्तरांना आता कुठे न्याय मिळाला.

जुने_एअरमन

हसण्यावारी नेऊ नका, ही आपल्याकडचीही रोजची गोष्ट आहे. बिदर दोन हजार फुटांच्या थोडं वर, यलहंका तीन हजारांच्या आसपास, दाबोळी दोनशेच्याही आत. गावोगाव शो करणाऱ्या चमूला दर वेळी आकडे नव्याने बसवावे लागतात. त्यात उकाडा आला की हवा विरळ, इंजिनाचा जोर कमी, वळायला जागा जास्त. म्हणून शोच्या आधी त्याच जागी दोन-तीनदा सराव करतात. लोक म्हणतात, उगाच आधीपासून घिरट्या घालून कान किटवतात.

वास्कोकार

दाबोळीचं नाव निघालं म्हणून लिहितो. नौदलाचा सागर पवन हा कसरत चमू आमच्या गोव्याचाच, आयएनएस हंसा या तळाचा. चार किरण विमानं, निळी-पांढरी. शाळेत असताना सकाळी तो आवाज आला की आम्ही पोरं गॅलरीत. नौदलाचा स्वतःचा जेट कसरत चमू जगात फारच थोड्या देशांकडे होता, याची आम्हाला केवढी ऐट!

३ मार्च २०१० ला हैदराबादेत बेगमपेटला शो होता. वर जाऊन विमानं वेगवेगळ्या दिशांना पांगली, त्यातलं एक परत वर आलंच नाही. थेट वस्तीतल्या इमारतीवर गेलं. कमांडर मौर्य आणि लेफ्टनंट कमांडर राहुल नायर, दोघेही गेले. वास्कोत त्या आठवड्यात कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. त्यानंतर तो चमू पहिल्यासारखा आकाशात दिसला नाही.

माझा राग वेगळाच आहे. विमानतळ शहराच्या मधोमध, चारी बाजूंनी घरं, आणि वर कसरती. दाबोळीला निदान एका अंगाला समुद्र आहे.

रानवारा

वास्कोकार, नेमकं हेच! यलहंक्यालाही तुकडे वस्तीतच पडले होते.

राईनकाठी

मी लुडविग्सहाफेनला असतो. इथून तासाभरावर रामस्टाइन, अमेरिकी हवाई तळ. २८ ऑगस्ट १९८८. आमच्या कंपनीतले साठीचे जर्मन सहकारी अजूनही त्या दिवशी आपण कुठे होतो ते सांगतात.

इटलीच्या हवाई दलाचा फ्रेच्चे त्रिकोलोरी हा दहा विमानांचा चमू. नऊ विमानं दोन गटांत धुराने बदाम काढतात आणि दहावं, सोलो, बाण होऊन त्यातून आरपार जातं. मेख अशी की तो बाण प्रेक्षकांच्या दिशेने यायचा. सोलो वैमानिक इव्हो नुतारेल्ली ठरल्यापेक्षा लवकर आणि खाली पोचला. तीन विमानं धडकली, त्याचं विमान पेटत गर्दीत शिरलं. तीन वैमानिक धरून ७० मृत्यू, जखमी शेकड्यांनी. मैदानावर सुमारे तीन लाख माणूस होता.

हे सगळ्यांना माहीत असतं. कमी बोललं जातं ते पुढचं. तळ अमेरिकी, गाव जर्मन. अमेरिकी पद्धत अशी की जखमी उचला आणि पळा. जर्मन पद्धत अशी की जागेवर उपचार करून स्थिर करा, मग हलवा. दोघांचा मेळ नाही. सलाईनच्या सुया आणि नळ्यांचे जोडसुद्धा एकमेकांना बसत नव्हते. भाजलेल्यांना घेऊन निघालेली एक बस आमच्या लुडविग्सहाफेनच्या रुग्णालयात फार उशिरा पोचली, कारण चालकाला रस्ताच माहीत नव्हता. रुग्णवाहिकेचं जे हेलिकॉप्टर मदतीला म्हणून उभं होतं, त्याच्यावरच एक विमान पडलं होतं.

जर्मनीने त्यानंतर काही वर्षं असे शोच बंद ठेवले. पुढे बऱ्याच देशांत नियम आला की कसरत करताना विमानाचं तोंड प्रेक्षकांकडे असता कामा नये, प्रेक्षकांच्या डोक्यावरून जायचं नाही, अंतर राखायचं.

निवांत

दुरुस्ती नाही, भर. तो नियम इंग्लंडला त्याच्याही आधी कळला होता. फार्नबरोला १९५२ मध्ये डीएच-११० हवेतच फुटलं. जॉन डेरी आणि अँथनी रिचर्ड्स दोघे गेले, आणि इंजिनं गर्दीत पडून २९ प्रेक्षक. त्यानंतर तिथे अंतराचे नियम कडक झाले. म्हणजे रामस्टाइनच्या ३६ वर्षं आधी कोणाला तरी हे माहीत होतं.

रानवारा

निवांत, तुम्ही माझ्याच बाजूने बोलताय हे लक्षात आलंय ना?

निवांत

मी कोणाच्याच बाजूने नाही. नियम होता, पण तो साहेबाच्या देशात. रामस्टाइनला तळ अमेरिकेचा, चमू इटलीचा, जमीन जर्मनीची. आणि २००२ मध्ये युक्रेनला ल्विव्हजवळ स्कनिलिवला सुखोई-२७ गर्दीत गेलं तेव्हा रामस्टाइन होऊन १४ वर्षं झाली होती. ७७ मृत्यू, त्यात २८ मुलं. ठरलेल्या कार्यक्रमाबाहेरची कसरत, आणि तीही प्रेक्षकांच्या बाजूला. दोन्ही वैमानिक इजेक्ट होऊन वाचले. कोर्टाने एकाला १४ आणि दुसऱ्याला ८ वर्षं दिली.

मोदकप्रिय

अवांतर: एअरो इंडियाच्या वेळी मी बंगळुरात कामाला होतो. तळाच्या दहा-तेरा किलोमीटरच्या पट्ट्यात मटणाची दुकानं बंद. आमच्या मेसमालकाने तीन आठवडे भेंडी खाऊ घातली. देशभक्तीची किंमत मी दिलेली आहे.

जुने_एअरमन

मोदकप्रिय, भेंडीबद्दल हवाई दलातर्फे आभार. ते अवांतर नाही. उघड्यावर टाकलेल्या हाडा-मांसावर घारी जमतात. घार इंजिनात गेली की संपलं. मे २०२० मध्ये कॅनडाच्या स्नोबर्ड्सचं विमान कॅमलूप्सला उडताच पक्षी इंजिनात गेला. कॅप्टन जेनिफर केसी गेल्या. त्या वैमानिक नव्हत्या, चमूच्या जनसंपर्क अधिकारी होत्या. त्या आणि वैमानिक दोघेही इजेक्ट झाले होते, पण उंची आणि विमानाची स्थिती सीटच्या आवाक्याबाहेर गेली होती.

लोक म्हणतात, हल्लीच्या सीट शून्य उंची-शून्य वेगाच्या असतात, मग मरतात कसे? त्याचा अर्थ विमान जमिनीवर सरळ उभं असतानाही सीट वाचवते, एवढाच. नाक खाली, वेगाने पडत असताना तीच सीट तुम्हाला आधी जमिनीकडेच नेते.

डॉ_निद्रानाश

काका, माझ्या विषयातलं थोडं. सगळेच अपघात उंचीच्या आकड्याचे नसतात, शरीराचेही असतात. जोराने वळताना ‘जी’, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पटीत मोजलेला ताण, वाढतो, रक्त पायाकडे जातं, डोळ्यापुढे आधी रंग जातात, मग कडा काळ्या होतात, मग शुद्ध जाते. पोट आणि मांड्या घट्ट आवळून, श्वास अडवून रक्त वर ठेवायचं, हे शिकवतात. हवा भरणारा जी-सूटही असतो.

गंमत म्हणजे अमेरिकी नौदलाचे ब्लू एंजल्स जी-सूट घालतच नाहीत. दांडा धरलेला हात मांडीवर टेकवून अगदी बारीक हालचाल करायची असते. सूट फुगला की हात हलतो, आणि शेजारचं विमान हातभरावर. म्हणजे एक धोका टाळायला दुसरा पत्करलेला. २००७ मध्ये त्यांचे लेफ्टनंट कमांडर केव्हिन डेव्हिस गेले ते शुद्ध हरपल्यामुळेच.

सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे आधी उणे जी आणि लगेच अधिक. एप्रिल २०१८ मध्ये थंडरबर्ड्सचे मेजर स्टीफन डेल बान्यो सरावात गेले. काही वेळ उलटं उडताना रक्त डोक्याकडे, शरीर रक्तदाब खाली आणतं, आणि तेवढ्यात साडेआठ जीचा ओढा. एरवी नऊ जी सहन करणारा माणूस त्या क्षणी टिकत नाही. त्यांच्या अंगावर सूट होता.

अवखळ

डॉक्टर, तुमचं सदस्यनाव आणि प्रतिसादाची वेळ (रात्री ३.१०) दोन्ही जुळतात.

हिशेबी

सगळं आकाशाबद्दल चाललंय म्हणून जमिनीवर आणतो. ६ ऑक्टोबर २०२४, चेन्नई मरीना. हवाई दलाचा शो, एकाही विमानाला ओरखडा नाही, आणि बघायला आलेल्यांपैकी पाच जणांचा मृत्यू. भर दुपारचं ऊन, पाणी नाही, लाखोंची गर्दी एकाच वेळी परत निघालेली. आणि २०१९ चीच एअरो इंडिया: हॉकच्या अपघातानंतर चार दिवसांत पार्किंगमध्ये आग लागून तीनशेच्या आसपास गाड्या जळाल्या.

शो बंद करा म्हणणाऱ्यांनी आणि चालू ठेवा म्हणणाऱ्यांनीही आधी पाण्याच्या टाक्या मोजाव्यात.

खान्देशी_गडी

बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत). आणि ‘भरतीसाठी शो लागतात’ हा मुद्दा अजून कोणी मांडला नाही, मी मांडतो. जळगावात बसून आम्हाला हवाई दल कधी दिसणार?

हिशेबी

भरतीला येणाऱ्यांची रांग बघितली आहे का कधी? पोटाचा प्रश्न आहे तो, धुराचा नाही.

जुने_एअरमन

हिशेबींशी अर्धा सहमत. मी स्वतः धूर बघून नाही, पगार बघून गेलो. पण १९८२ च्या पुढे थंडरबोल्ट्स या हवाई दलाच्या तेव्हाच्या कसरत चमूची नऊ हंटर विमानं बघून गेलेले दोन जण माझ्याच तुकडीत होते. दोन्ही प्रकारची माणसं असतात.

रानवारा

काका, एवढं सगळं झालं, पण माझा भाबडा प्रश्न तसाच राहिला. पुढचा चुकला तर?

जुने_एअरमन

विसरलो नव्हतो, टंकायला वेळ हवा होता.

मागचा वैमानिक बाहेर बघत नाही. त्याची नजर लीडरच्या विमानावरच्या ठरलेल्या दोन खुणांवर असते. पंखाचं टोक अमुक अक्षराच्या रेषेत दिसलं की आपण जागेवर. जमीन कुठे, आकाश कुठे, हे लीडरचं काम. दाट धुक्यात कसारा घाटात पुढच्या ट्रकच्या लाल दिव्यावर गाडी हाकणाऱ्यांना हे चटकन समजेल. १८ जानेवारी १९८२ ला नेवाडात थंडरबर्ड्सची चार टी-३८ विमानं शेजारी-शेजारी एका ओळीत लूप घेत होती. लीडरच्या शेपटीच्या यंत्रणेत बिघाड झाला, विमान पुरेसं ओढलं जाईना. तिघे त्याच्या शेजारी, जागेवर, अगदी अचूक. चारही एकदमच जमिनीवर.

म्हणून तीन गोष्टी असतात. पहिली, प्रत्येक जागेला बाहेर पडायची ठरलेली दिशा. उजवीकडचा उजवीकडे, डावीकडचा डावीकडे, मधला खाली-मागे. लीडर नजरेआड झाला की विचार करायचा नाही, ठरल्या दिशेने जायचं. दुसरी, जमिनीवर रेडिओ घेऊन उभा असलेला चमूचाच वैमानिक. त्याने थांबा म्हटलं की थांबायचं, हुद्दा कोणाचा मोठा ते नंतर. तिसरी, लीडरच्या आवाजाची लय. शब्द लांबवून म्हणतो, आणि ज्या अक्षरावर आवाज चढतो त्या अक्षरावर सगळ्यांचे हात ओढतात.

हे मी जवळून पाहिलंय. उड्डाणाआधी डांबरावर सगळे वैमानिक फॉर्मेशनच्याच जागांवर उभे राहतात, किंवा एकामागे एक चालतात. कोणाचे डोळे मिटलेले, उजव्या मुठीत नसलेला दांडा, डाव्या मुठीत नसलेला थ्रॉटल. लीडर पुटपुटतो, सगळ्यांची मनगटं एकदम वळतात. नवा आलेला पोरगा असेल तर त्याचे ओठही हलतात. आमचा एक हेल्पर पहिल्यांदा बघून घाबरला होता, म्हणाला, साहेब लोकांना झालंय तरी काय. उतरल्यावर पुन्हा तेच, या वेळी व्हिडिओसमोर. कोण दोन फूट सरकला, का सरकला. त्या खोलीत हुद्दे नसतात.

रानवारा

धन्यवाद काका. चौकशी होते, आकडे बदलतात, हे मान्य. तरी माझं मत पूर्ण बदललेलं नाही. वस्तीवर नको, एवढं तरी माना.

वास्कोकार

ते तर मीही म्हणतोय. जानेवारी २०२४ ला मुंबईत मरीन ड्राइव्हला झाला तसा करा. विमानं पाण्यावर, माणसं कठड्यावर.

खान्देशी_गडी

म्हणजे जळगावला कधीच नाही.

जुने_एअरमन

हतनूर धरण आहे की. पण खान्देशी, धरण म्हणजे हिवाळ्यात पाणपक्षी. मोदकप्रियला पुन्हा भेंडी खावी लागली तरी उपयोग व्हायचा नाही.

मोदकप्रिय

मी या धाग्यातून लॉगआउट होतोय.